फुलं पाहायला निघालेली माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे साडेपाचला पुण्यात, साताऱ्यात किंवा ठाण्यात रस्त्याच्या कडेला एक छोटी बस उभी असते. तिच्यात पंधरा-वीस माणसं चढतात. पाठीवर सॅक, हातात छत्री, गळ्यात कॅमेरा, खिशात भिंग. ही मंडळी गड चढायला निघालेली नसतात, धबधब्याखाली भिजायलाही नाही. ती निघालेली असतात मोहरीच्या दाण्याएवढी फुलं बघायला! बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शाळेतल्या बाई, संगणकाच्या कंपनीतली दोन तरुण मुलं, एखादी आजी आणि तिची नात. दिवसभर ही माणसं माळावर ओणवी होऊन फिरतात आणि संध्याकाळी गुडघे चिखलाने भरवून घरी येतात.

मी गेली पंचेचाळीस वर्षं अशा सहलींना जातो आहे. आधी विद्यार्थी म्हणून गेलो, मग वनस्पतिशास्त्राचा शिक्षक म्हणून मुलांना घेऊन गेलो आणि आता निव्वळ हौस म्हणून जातो. बरोबरची माणसं मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, "सर, हे कुठलं फूल?" योग्यच आहे तो प्रश्न. पण या फुलाला पहिल्यांदा कोणी पाहिलं, कोण कोणाला इथवर घेऊन आलं, हे सहसा कोणी विचारत नाही. आज मला त्या माणसांबद्दल बोलायचं आहे, कारण सह्याद्रीतल्या रानफुलांचा इतिहास हा बराचसा पायी चालणाऱ्यांचा इतिहास आहे. आणि त्या चालण्यात सर्वांत पुढे जो असे, त्या वाटाड्याचं नाव बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नाही.

बहुतेक वेळा म्हणालो, कारण एक ठळक अपवाद आहे. सतराव्या शतकात कोचीनला डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं मलबारातल्या वनस्पतींची माहिती गोळा केली. 'हॉर्टस मलबारिकस' या नावानं ती १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापली गेली. त्यासाठी माणसं रानोमाळ पाठवून फांद्या, फुलं, फळं आणवली जात. झाडांची नावं आणि गुण सांगायला इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे कोचीनमधले तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी दिलेला दाखला पहिल्या खंडात छापला आहे. भाषा कोकणी आणि लिपी आपली नागरी! युरोपात छापलेल्या त्या जाडजूड लॅटिन ग्रंथात ती नागरी अक्षरं पाहिली की मला आजही बरं वाटतं. सांगणाऱ्यांची नावं, त्यांच्याच अक्षरांत, ग्रंथाच्या आरंभी. असा मान पुढच्या काळात फार थोड्यांना मिळाला.

आता आपल्या बाजूला येऊ. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात फुलांमागे धावणारे गोरे अधिकारी बरेच होते, आणि गंमत म्हणजे त्यांच्यातला जवळजवळ कोणीच पगारी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. जॉन ग्रॅहम हा मुंबईच्या टपालखात्यातला डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. शिवडीला तेव्हा एक वनस्पतिउद्यान सुरू झालं होतं, त्याची देखभाल तो करी. पुढे त्या जागेवर कबरस्तान झालं. मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची पहिली मोठी यादी या टपालवाल्यानं केली. ती १८३९ मध्ये छापली जात असतानाच तो खंडाळ्याला वारला. वय पस्तिशीच्या आत. उरलेलं छपाईचं काम निम्मो नावाच्या त्याच्या स्नेह्यानं पुरं केलं. भाद्रपदात घाटमाथ्यावर सगळीकडे पिवळी सोनकी फुलते ना, तिला पुढे शास्त्रीय नाव मिळालं ते 'सेनेशिओ ग्रॅहॅमाय'. नियमांप्रमाणे आता ते नाव बदललं आहे. पण खंडाळ्याच्या घाटात सोनकी दिसली की मला तो तरुण पोस्टमास्तर आठवतोच.

दुसरा अलेक्झांडर गिब्सन. हा पेशानं डॉक्टर. दापोडीच्या सरकारी बागेचा तो अधीक्षक होता आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दापोडी म्हणजे पुण्याजवळची, आज जिथून लोकल जाते तीच. या बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची दीडशेहून अधिक रंगीत चित्रं गिब्सननं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रं अप्रतिम आहेत. पाकळीवरची शीर, पानाची लव, सारं जसंच्या तसं. चित्रकार इथलाच, पोर्तुगीज वळणाचा हिंदी माणूस होता एवढंच कळतं. त्याचं नाव कोणी टिपून ठेवलं नाही. गिब्सनच्या कामाचे कागद राहिले, बागेचे हिशेब राहिले आणि ज्याच्या बोटांनी ती फुलं उमटली तो मात्र निनावी!

गिब्सन आणि निकोल डालझेल यांनी मिळून १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. याच डालझेलनं जुन्नर भागातल्या कड्यावरच्या एका छोट्या मांसल झुडपाचं वर्णन १८६० च्या दशकात प्रसिद्ध केलं आणि तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याला 'फ्रेरिया इंडिका' म्हटलं. फूल चांदणीसारखं पाच कोनांचं, गडद किरमिजी, वर पिवळे ठिपके. साहेबाला खूष करायला याहून चांगलं फूल मिळणं कठीण! गावकरी त्याला शिंदळ माकुडी म्हणत. शिवनेरीच्या कड्यावर ते उगवतं म्हणून पुढे कोणीतरी त्याचं 'शिवसुमन' असं बारसं केलं आणि ते नाव रुजलं. महाराष्ट्राबाहेर ही वनस्पती निसर्गात कुठेच आढळत नाही. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर ती तग धरून आहे. १९८० च्या दशकात जगातल्या अतिसंकटग्रस्त वनस्पतींची बारा नावं एका आंतरराष्ट्रीय यादीत निवडली गेली, त्यांत ती होती. एका फुलाला तीन नावं. एक गुराख्यांचं, एक गव्हर्नरचं, एक शिवाजी महाराजांच्या जन्मस्थानाचं. यातलं पहिलं किती जुनं असेल, कोण जाणे.

त्यानंतरचा मोठा माणूस म्हणजे थिओडोर कुक. हा तर इंजिनिअर. वसईच्या खाडीवरचा रेल्वेचा लोखंडी पूल त्याच्या देखरेखीखाली झाला. मग तो पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे पुढच्या सायन्स कॉलेजचा, प्राचार्य झाला आणि १८९३ मध्ये निवृत्त होऊन विलायतेला परतला. तिथं बसून त्यानं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. आजही महाराष्ट्रातला कोणताही वनस्पतिशास्त्रज्ञ कुक उघडल्याशिवाय पुढे जात नाही.

आम्हा विद्यार्थ्यांना कुक म्हणजे धाक. बारीक टाइप, लॅटिन नावं, इंग्रजी वर्णन. पण त्यात प्रत्येक वनस्पतीखाली ती कुठे सापडली आणि कोणी आणली हे दिलेलं असतं, आणि माझं मन तिथंच रमे. स्टॉक्स, लॉ, डालझेल, वुडरो अशी नावं येतात आणि मधूनच येतं 'कानिटकर', मधूनच येतं 'भिवा'. नावापुढे उद्गारचिन्ह. वनस्पतिशास्त्राच्या रिवाजात त्या उद्गारचिन्हाचा अर्थ एवढाच, की हा नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. मला मात्र ते 'भिवा!' असं कोणीतरी दरीच्या पलीकडून हाक मारल्यासारखं ऐकू येतं. कोकणात, घाटात, पावसात हिंडून यानं झाडं गोळा केली, नीट वाळवली, पुण्याला आणली, म्हणून साहेबाचा ग्रंथ पुरा झाला. ग्रंथाच्या कव्हरवर नाही, पण आतल्या पानांवर तो आहे.

याच काळात मुंबईत आणखी एक घटना घडली होती. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये आठ माणसं एकत्र जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. ही साहेबांची संस्था असा आपला समज. पण त्या आठांतले दोघे आपले होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. डॉ. रखमाबाईंचं नाव आपण सगळे जाणतो. नकोसं लग्न नाकारून पुढे डॉक्टर झालेल्या त्या रखमाबाई. त्यांचे सावत्र वडील म्हणजे हे सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, औषधी वनस्पतींवर त्यांनी लिहिलं. सोसायटी स्थापन झाली आणि दोनच वर्षांत, १८८५ मध्ये, ते वारले. एकट्या अधिकाऱ्यानं शिपाई आणि हमाल घेऊन रानात जाण्याऐवजी चार हौशी माणसांनी जमून निसर्ग पाहावा, टिपणं एकमेकांना दाखवावीत, ही रीत आपल्याकडे रुजवण्यात या संस्थेचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या मुळाशी दोन मराठी डॉक्टर आहेत.

पण खऱ्या अर्थानं 'घोळक्यानं' फुलं बघायला जाणं सुरू झालं ते कॉलेजांमुळे. इथं फादर सांतापाव यांचं नाव घेतलं पाहिजे. १९०३ मध्ये स्पेनमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९२८ मध्ये भारतात आले आणि पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. १९४० च्या दशकात ते पुन्हा पुन्हा खंडाळ्याला जात राहिले. एकच गाव, तेच डोंगर, पण प्रत्येक ऋतूत, वर्षानुवर्षं. त्यातून १९५३ मध्ये 'फ्लोरा ऑफ खंडाला' हा ग्रंथ आला. खंडाळ्यात चिक्की घ्यायला थांबणाऱ्यांना कल्पनाही नसते, की या एवढ्याशा मुलखावर असा ग्रंथ आहे! पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे संचालक झाले, भारताचे नागरिक झाले, पद्मश्री झाले. १९७० मध्ये त्यांचं निधन झालं. जन्मशताब्दीला, २००३ मध्ये, टपालखात्यानं त्यांचं तिकीट काढलं. खंडाळ्यात मरण पावलेल्या त्या पोस्टमास्तर ग्रॅहमला हे कळलं असतं तर किती आनंद झाला असता!

सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात मुसळीच्या एका नव्या जातीची नोंद केली आणि तिला चक्क बोरिवलीचं नाव दिलं, 'क्लोरोफायटम बोरिविलिएनम'. बोरिवली म्हणजे लोकलची गर्दी असं समीकरण ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. हीच ती सफेद मुसळी. तिची मुळं शक्तिवर्धक म्हणून बाजारात चढ्या भावानं विकली जाऊ लागली आणि रानंच्या रानं खणली गेली. पुढे तिची शेती सुरू झाली, पण रानातली मुसळी विरळ होत गेली. खरं तर मुसळीची भावंडं आपल्या आदिवासी भगिनींना केव्हापासून ठाऊक आहेत. पहिल्या पावसानंतर फोडशीची कोवळी पानं खुडून त्या बाजारात आणतात. पानं खुडतात, कंद जमिनीत राहू देतात. पुढच्या वर्षी पुन्हा भाजी मिळायला हवी ना!

आमच्या विद्यार्थीदशेतली सहल कशी असे ते सांगतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. खांद्याला पत्र्याचा लांबट डबा, हातात खुरपं, एका गड्याच्या डोक्यावर वर्तमानपत्रांची रद्दी आणि लाकडी दाबपट्ट्या. दिसलं झाड की उपट मुळासकट, घाल डब्यात. संध्याकाळी धर्मशाळेत बसून ते कागदांत पसरायचं, दाबून बांधायचं. दमट हवेत कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी आलीच. प्रत्येकाला परीक्षेसाठी ठरावीक संख्येचे नमुने सादर करावे लागत. तीच तेव्हाची शिस्त होती आणि तिला अर्थही होता. पुण्यामुंबईच्या संग्रहांत त्या काळाचे आणि त्याआधीचे हजारो वाळलेले नमुने आहेत, म्हणून तर आज आपण सांगू शकतो की अमुक वनस्पती अमुक डोंगरावर होती आणि आता नाही. पण एका वर्गात चाळीस मुलं, अशी कितीतरी कॉलेजं आणि सगळ्यांच्या सहली त्याच महाबळेश्वरला, त्याच खंडाळ्याला. कंदीलपुष्पासारखी एखादी वेल सगळ्या डोंगरावर दहा-बारा उरलेली असेल, तर या शिस्तीचं ओझं तिला पेलणार कसं? कंदीलपुष्पाच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीखेरीज जगात कुठेच नाहीत.

बदल हळूहळू झाला. शिक्षकच म्हणू लागले, की एक फांदी पुरे, मूळ राहू द्या. मग कॅमेरे आले. छत्तीस फोटोंचा रोल असे, तो धुऊन येईपर्यंत जीव टांगणीला. आणि मग दोन पुस्तकं आली. २००० मध्ये आयझॅक किहीमकर यांचं भारतातल्या सामान्य रानफुलांवरचं आणि २००१ मध्ये श्रीकांत इंगळहळीकर यांचं सह्याद्रीतल्या फुलांवरचं. इंगळहळीकरही पेशानं इंजिनिअर, म्हणजे कुकचीच परंपरा म्हणायची! या पुस्तकांनी काय केलं, तर रंगीत छायाचित्र आणि नाव समोरासमोर ठेवलं. कुक उघडायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागते. ही पुस्तकं उघडायला फक्त डोळे लागतात. रविवारच्या त्या बसमध्ये बँकेतले गृहस्थ आणि शाळेतल्या बाई चढल्या त्या यानंतर. खुरपं घरी राहिलं आणि भिंग आलं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली या क्षेत्रातली सर्वांत मोठी घडामोड हीच.

एकदा सातारा जिल्ह्यातल्या एका पठारावर आमचा पंधरा जणांचा घोळका असाच ओणवा झाला होता. सीतेची आसवं पाहत होतो. निळसर जांभळं, नखाएवढं फूल. नाव किती हळवं, पण ही झाडं कीटकभक्षी. जमिनीतल्या पाण्यात त्यांच्या मुळांसारख्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात, त्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेतात. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक बाई थांबल्या आणि काळजीनं म्हणाल्या, "काय हारवलं काय वं तुमचं? आम्ही बी सोदू लागू का?" आम्ही फुलं बघतोय म्हटल्यावर त्या हसल्या. भारा खाली ठेवला आणि मग अर्धा तास त्यांनीच आम्हाला फिरवलं. सापकांदा कुठे, चवर कुठे, तेरडा कधी, गुरं कशाला तोंड लावत नाहीत, कशाचा पाला वाटून जखमेवर बांधतात. सापकांद्याबद्दल मी त्यांना सांगितलं, की याचं झाड लहान असताना नर असतं आणि कंद चांगला पोसला की एखाद्या वर्षी मादी होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग बरोबरच हाय. प्वाट भरल्याबिगर का लेकरं हुत्यात?" वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात हे कारण इतक्या थोडक्यात दिलेलं मी वाचलेलं नाही.

त्या बाईंचं पठार सातबाऱ्यावर काय म्हणून लागलेलं आहे ठाऊक आहे? पोटखराब. म्हणजे लागवडीला निरुपयोगी. सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभ्याची पठारं आणि कोकणातले कातळसडे यांच्या नशिबी हाच शिक्का. आठ महिने तिथं तापलेला काळा दगड असतो, त्यामुळे तो शिक्का पाहणाऱ्याला पटतोही. पोटखराब म्हणजे रिकामी, आणि रिकामी म्हणजे काहीही करायला मोकळी. मग कुठे बॉक्साइटच्या खाणी आल्या, कुठे चाळकेवाडीसारख्या पठारावर पवनचक्क्या आल्या, कोकणात सुरुंग लावून, वरून माती ओतून कलमांच्या बागा उभ्या राहिल्या. त्यातल्या प्रत्येकाची काही ना काही गरज होती, मी सरसकट दोष देत नाही. पण तिथं काय होतं याची नोंद करायला आधी कोणी गेलं होतं का, हा प्रश्न उरतोच. जिथं फुलांच्या सहली जात होत्या, तिथलीच नोंद झाली.

कासचं पठार हे त्याचं उदाहरण. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. शहराला पाणी पुरवणारा कास तलाव एकोणिसाव्या शतकातला, त्यामुळे रस्ता होता. त्या रस्त्यानं अभ्यासक गेले, विद्यार्थी गेले, हौशी मंडळी गेली. कातळावर मातीचा थर जेमतेम काही इंच. कुठे कुठे तेवढाही नाही. त्या मातीत जूनमध्ये उगवायचं, फुलायचं, ऑक्टोबरात बी टाकून मरायचं, एवढ्या घाईत आयुष्य उरकणाऱ्या शेकडो जाती. पाणथळ डबक्यांत वायतुरा, दोन फाट्यांचा तुरा पाण्यावर काढणारा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. पिवळा कवला, ज्याला पोरं हल्ली मिकी माउस म्हणतात. त्याच्या एका जातीला मालवणच्या डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं नाव आहे, ज्यांनी पुण्यात विज्ञानवर्धिनी संस्था उभी केली. गुलाबी तेरड्याची इथली एक जात लॉ साहेबाच्या नावाची. पोस्टमास्तर, कलेक्टरसाहेब आणि मालवणचे डॉक्टर असे सगळे एका माळावर शेजारी शेजारी डोलत असतात! २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस ठिकाणांना युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. त्यांतली चार महाराष्ट्रातली, कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास.

पुढे जे झालं ते आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे. गाड्यांच्या रांगा लागल्या. फुलांत लोळून फोटो काढले गेले. बी धरण्याआधी रोप तुडवलं गेलं, तर ज्या झाडाचं आयुष्यच चार महिन्यांचं, त्याला दुसरी संधी कुठली? वनखात्यानं आसपासच्या गावांच्या समित्या केल्या, शुल्क ठेवलं, दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, जाळीचं कुंपण घातलं. कुंपणानं माणसं आवरली, पण गुरंही थांबली. तेव्हा गावकरी आणि काही अभ्यासक म्हणू लागले, की चरणं थांबल्यानं गवत माजलं आणि बुटकी फुलं त्याखाली दबली. गुराखी शतकानुशतकं त्या माळावर होता, तोही त्या माळाचा भाग होता, हे कोणाच्या हिशेबातच आलं नव्हतं. मला स्वतःला गावकऱ्यांचं म्हणणं पटतं. माणसं थोडी, बेतानं चालणारी असावीत आणि गुरं ठरावीक काळ फिरू द्यावीत. पण यावर अजून बरीच मोजणी व्हायला हवी.

नावांचा विषय निघालाच आहे तर कारवीचं सांगतो. साहेबांची नावं आमच्या फुलांना का, म्हणून पुष्कळांना राग येतो. पण कारवीच्या बाबतीत उलटं घडलं. ब्रेमेकॅम्प या डच शास्त्रज्ञानं १९४४ मध्ये तिच्यासाठी नवं कुल केलं आणि त्याला नाव दिलं 'कार्व्हिया', आपल्या मराठी शब्दावरून. ज्या काठ्यांवर शेण लिंपून डोंगरातल्या घरांच्या कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या, ती ही कारवी. सात वर्षं नुसती हिरवी असते आणि आठव्या पावसाळ्यात सगळा डोंगर एकदम जांभळा होतो. मग ती मरते आणि वाळलेली बोंडं तडतडून फुटतात. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्येही फुलली, आणि दर वेळी तिला पाहायला शहरातून रांगा लागल्या. कोणीतरी मोजून ठेवलं म्हणून हा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. डोंगरातल्या म्हाताऱ्यांना तो कोणी लिहून न देताच ठाऊक होता. तिथं वयं सांगतानाही कारवीचा आधार घेतला जातो, दोन कारव्या झाल्या, तीन कारव्या झाल्या, असं.

आता कासला गेलात तर आसपासच्या गावांतली तरुण मुलं-मुली वाटाडे म्हणून भेटतात. गळ्यात ओळखपत्र असतं, त्यावर नाव असतं. मागच्या खेपेला आमच्याबरोबर जी मुलगी होती ती पदवीच्या वर्गात शिकत होती. वायतुऱ्याजवळ थांबून तिनं आधी गावातलं नाव सांगितलं, मग लॅटिन नाव न अडखळता घेतलं. आणि आमच्यातल्या एकानं जवळून फोटो घ्यायला डबक्याकडे पाऊल टाकलं, तसं तिनं त्याला कातळावरून फिरून यायला लावलं. तो आला, फिरून. त्याच कातळावर मग आम्ही डबे उघडले. तिच्या डब्यात फोडशीची भाजी होती.